एका पिढीची कमाई: वर्धा खोऱ्यातला कोळसा

वर्ध्याहून बल्लारशाला जाणारी रेल्वे कोळशासाठी टाकली गेली. १८७०च्या दशकात सरकारने वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ७२ किलोमीटरचे रूळ टाकले आणि त्या मार्गाचे नाव ठेवले ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वरोऱ्याच्या जमिनीखाली कोळसा निघाला होता आणि मुंबईहून नागपूरकडे धावणाऱ्या जीआयपी रेल्वेच्या इंजिनांना तो हवा होता. पुढे हाच फाटा बल्लारशापर्यंत वाढला, १९२९ साली काझीपेठेकडून आलेल्या निजामाच्या रेल्वेला जुळला आणि दिल्ली-मद्रास हा हमरस्ता तयार झाला. सोनेगाव, हिंगणघाट, नागरी, चिकणी रोड, वरोरा, माजरी, भांदक ही स्टेशने आज ज्यांना तोंडपाठ आहेत, ते सगळे प्रवासी खरे तर कोळशाच्या वाघिणींच्या वाटेवरून जात असतात.

वर्धा जिल्ह्यात आज एकही कोळसा खाण चालत नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. तरीही या कोळशाला जगभरच्या भूगर्भशास्त्रात वर्ध्याचेच नाव आहे. भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ साली या पट्ट्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, तो ‘वर्धा खोरे कोळसाक्षेत्र’ या नावाने. मुलताईच्या डोंगरात उगम पावलेली वर्धा नदी आपल्या जिल्ह्याची पश्चिम सीमा आखत खाली उतरते आणि मग यवतमाळमधले वणी, चंद्रपूरमधले वरोरा, भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा अशा गावांच्या अंगणातून जाते. कोळसा आहे तो तिथे, नदीच्या दोन्ही काठांखाली.

जिल्ह्याचे या कोळशाशी असलेले नाते मात्र नावापुरते नाही. हिंगणघाटचा कापूस दूरवर प्रसिद्ध होता; रेल्वे आली आणि १८८०च्या दशकात तिथे कापड गिरणी उभी राहिली. आजही बल्लारशा, माजरी, घुग्घुसकडून भरलेल्या मालगाड्या सेवाग्राम-वर्ध्याच्या जंक्शनवरून वळतात: काही कोराडी-खापरखेड्याला, काही पारस, भुसावळ, नाशिकच्या वीजकेंद्रांना. एका गाडीत अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, म्हणजे चार हजार टनांच्या आसपास कोळसा. खाणीच्या पट्ट्यातली आजारी माणसेही याच रुळांवरून सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत येतात. आणि कोळसा हा देशाच्या संपत्तीत कोणत्या खात्यावर मांडायचा, याचा सर्वांत स्पष्ट विचार ज्या माणसाने केला तो वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होता. त्याच्याकडे मी पुढे येईनच. मला मांडायचे आहे ते एवढेच: कोळसा एका पिढीला पगार देतो, आणि त्याची किंमत पुढच्या कित्येक पिढ्या भरतात. हा हिशेब खाण बंद झाल्यावर मागून उपयोग नाही, ती चालू असतानाच मागावा लागतो.

वरोऱ्याची खाण

पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, भारत जेव्हा गोंडवन या महाखंडाचा तुकडा होता, तेव्हाच्या दलदलीतली झाडे गाडली जाऊन हा कोळसा झाला. तो ज्या थरात सापडतो त्याला बराकर म्हणतात. त्याच्यावर कामठीचा लालसर वालुकाश्म असतो. वर्धा खोऱ्याचे वैशिष्ट्य म्हणजे इथे कोळशाचा एकच मोठा, जाड थर आहे. काही ठिकाणी तो पंधरा मीटरच्याही वर जातो. बंगाल-झारखंडमध्ये असे अनेक थर एकाखाली एक असतात. जाड थर म्हणजे भरपूर माल, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांना आनंद झाला. पण जाड थर म्हणजे छताचा धोकाही मोठा, आणि हा कोळसा हवा लागली की आपोआप तापतो. ढीग करून ठेवला तर आतून धुमसू लागतो.

वरोऱ्याची सरकारी खाण याच दोन गुणांनी संपली. भूमिगत खाणीत कोळसा सगळा काढता येत नाही. बोगद्यांचे चौकटीसारखे जाळे काढत पुढे जायचे आणि मधले चौकोनी खांब छत तोलायला सोडून द्यायचे, अशी रीत असते. खाणीतले लोक त्यांना ‘पिलर’ म्हणतात. कोळसा जास्त हवा असला की हे पिलरही मागे येता येता कापले जातात आणि रिकामी झालेली पोकळी कोसळू दिली जाते. कोसळलेल्या भागात चुरा उरतो, हवा शिरते आणि आग लागते. वरोऱ्यात आगी आणि पडझडीने काम अवघड होत गेले आणि १९०६ साली ती खाण बंद झाली. तोवर सरकारची नजर बल्लारपूरच्या कोळशाकडे वळली होती.

पस्तीसेक वर्षांचा हा खेळ. रेल्वे उरली, गाव उरले. खाणीत राबलेल्या माणसांचे काय झाले, याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. महाराष्ट्रातली पहिली मोठी कोळसा खाण कशी बंद झाली याचा इतिहास टनांत आणि रुपयांत सापडतो, माणसांत सापडत नाही.

जमिनीखालची पाळी

चंद्रपूरकडे खाणीला ‘कॉलरी’ म्हणतात: महाकाली कॉलरी, लालपेठ कॉलरी, रय्यतवारी कॉलरी. शहराच्या पोटातच या खाणी होत्या. कामगार मात्र साऱ्या दिशांनी आले: छत्तीसगडहून, तेलंगणातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून, आणि आसपासच्या गावांतले आदिवासी, दलित, कुणबी शेतमजूर. बल्लारपूरच्या बाजारात आजही एका दुकानासमोर उभे राहिले तर तेलुगू, छत्तीसगडी, हिंदी आणि वऱ्हाडी-झाडी वळणाची मराठी एकाच वेळी कानावर पडते. ते सगळे कोळशाने जोडलेले शेजार आहेत.

खाली जाण्याआधी कामगार लॅम्प केबिनपाशी थांबतो. तिथून डोक्याचा दिवा आणि कमरेची बॅटरी घ्यायची, आपल्या नंबरचा बिल्ला तिथल्या फळीवर टांगायला द्यायचा. पाळी संपली की दिवा परत आणि बिल्ला परत. कोण वर आले आणि कोण अजून खाली आहे, हे त्या फळीकडे पाहून कळते. अवेळी भोंगा वाजला तर वस्तीतल्या बाया स्वयंपाक टाकून कॉलरीच्या फाटकाशी का धावतात, ते या फळीवरून समजावे. खाली गेल्यावर ओव्हरमन आणि मायनिंग सरदार छताला ठोकून आवाज ऐकतात. भरीव आवाज आला तर छत धड, पोकळ आला तर तिथे टेकू लावल्याशिवाय माणूस पुढे जाणार नाही. सुरुंगाची भोके पाडणारा, बार उडवणारा, कोळसा टबात भरणारा, टब ढकलणारा ट्रॅमर, टेकू लावणारा टिंबरमन, अशी कामांची उतरंड. टब भरण्याचे काम सर्वांत हलक्या दर्जाचे समजले जाई आणि सर्वांत जास्त माणसे त्यातच होती.

एके काळी या कामात बायाही होत्या. नवरा कोळसा फोडी, बायको टोपलीने वाहून नेई. मजुरी जोडप्याची मिळून धरली जाई. १९२९च्या नियमांनी बायांना भूमिगत खाणींतून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचे ठरले आणि पुढच्या दशकात ते पुरे झाले. मग दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली आणि १९४३ साली ही बंदी उठवली गेली. आपला मध्य प्रांतही त्यात होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर १९४३मध्ये ते धनबादकडच्या खाणीत स्वतः उतरले, कामगारांच्या चाळी पाहिल्या. विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली तेव्हा त्यांनी युद्धकाळाची निकड सांगितलीच, शिवाय बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान वेतन मिळेल, या अटीवर भर दिला. १९४४ साली कोळसा कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. १९४६मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. खाणवस्तीतले दवाखाने, पाणी, घरे यांचा पैसा पुढे कित्येक वर्षे याच कल्याण निधीतून आला. आंबेडकरांच्या मजूरमंत्रिपदाबद्दल आपण फार थोडे बोलतो, आणि कॉलरीच्या वस्त्यांत त्यांचा फोटो घरोघर असण्यामागे हेही एक कारण आहे हे तर क्वचितच कोणी सांगते.

बंदीचा दुसरा परिणाम घरात झाला. दोघांची मजुरी एकावर आली. तिथून पुढे खाणकामगाराचे कुटुंब म्हणजे एका पुरुषाच्या हजेरीवर उभे असलेले घर, असे चित्र पक्के झाले. २०१९ साली नियम बदलून बायांना त्यांच्या संमतीने पुन्हा भूमिगत कामाची परवानगी मिळाली आहे. पण तोवर भूमिगत खाणीच संपत चालल्या होत्या.

नोकरी नावाची इस्टेट

१९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, आपल्या बोलण्यातली ‘वेकोलि’, स्थापन झाली. खासगी मालकांच्या काळात मजूर ठेकेदाराच्या वहीत असायचा. आता तो पगारपत्रकावर आला. राष्ट्रीय कोळसा वेतन करार, भविष्यनिर्वाह निधी, क्वार्टर, दवाखाना, रविवारच्या कामाचा दुप्पट पगार. ज्याच्या बापाने उधारीवर ज्वारी आणली त्याच्या पोराने मोटरसायकल घेतली, बहिणीचे लग्न केले, मुलाला नागपूरला शिकायला ठेवले. या बदलाला कमी लेखणाऱ्यांनी त्या वस्त्यांत जाऊन यावे. विदर्भात कापसाच्या भावावर जगणाऱ्या शेतकऱ्याला ‘वेकोलित लागला’ या दोन शब्दांत केवढा आधार वाटतो, हे बाहेरच्याला कळणार नाही.

पण ही नोकरी हळूहळू एखाद्या इस्टेटीसारखी झाली, आणि इस्टेटीभोवती जे ताण निर्माण होतात ते सगळे घरात आले. वेतन करारात दोन कलमे आहेत: कामगार नोकरीत असताना वारला तर वारसाला नोकरी, आणि कायमचा अपंग झाला, डॉक्टरांच्या मंडळाने ‘मेडिकल अनफिट’ ठरवले तरी वारसाला नोकरी. मुलगा अजून अज्ञान असेल तर त्याचे नाव ‘लाइव्ह रोस्टर’वर राहते. ही कलमे माणुसकीची आहेत, ती कामगारांनी लढून मिळवलेली आहेत. पण त्यांच्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या बापाची तब्येत हा घरातल्या चर्चेचा विषय होतो. बेकार मुलगा, खोकणारा बाप आणि ‘अनफिट’चा अर्ज, खाणवस्तीतल्या आईला या तिघांच्या मध्ये उभे राहावे लागते. मुलींची गोष्ट आणखी निराळी. बरीच वर्षे विधवेला नोकरीऐवजी दरमहा रक्कम पुढे केली जाई आणि मुलीचे नाव रोस्टरवर चढतच नसे. त्यासाठी बायकांना न्यायालयात जावे लागले.

आता आकडे पाहा. वेकोलि ज्या कंपनीचा भाग आहे, त्या कोल इंडियाच्या सुरुवातीच्या काळात देशभरात साडेसहा लाखांहून जास्त कामगार होते आणि कोळसा निघत होता वर्षाला आठ कोटी टनांच्या आसपास. २०२३-२४ साली उत्पादन ७७ कोटी टनांवर गेले आणि कायम कामगार सव्वादोन लाखांच्या घरात उरले. एकट्या वेकोलिने त्या वर्षी ६.९ कोटी टन कोळसा काढला. म्हणजे कोळसा दहापट वाढला आणि नोकऱ्या तिसऱ्या हिश्शावर आल्या. याचे कारण एका शब्दात सांगता येते: ओपनकास्ट.

खुली खदान

भूमिगत खाणीत माणसे कोळशापर्यंत जातात. खुल्या खदानीत कोळशावरचे सगळे जग उचलून बाजूला ठेवले जाते: आधी काळी माती, मग मुरूम, मग वालुकाश्म. त्याला ‘ओबी’ म्हणतात, ओव्हरबर्डनचे लघुरूप. वर्धा खोऱ्यात एक टन कोळशासाठी चार-पाच घनमीटर, कधी त्याहूनही जास्त, ओबी हलवावी लागते. फोडलेला दगड मूळच्यापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून खड्डा भरूनही डोंगर उरतात. वणीहून घुग्घुसकडे किंवा माजरीहून भद्रावतीकडे जाताना सपाट मुलखात मध्येच उभे राहिलेले ते पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर म्हणजे कोणाची तरी शेते आहेत, उलटी करून रचलेली.

ओबी हलवण्याचे काम आता बहुतेक ठेकेदार कंपन्या करतात. शंभर टनी डंपर चालवणारा पोरगा खाणकामगारच आहे, धूळ तीच खातो, रात्रपाळी तीच करतो. पण तो वेकोलिचा नाही. ठेका बदलला की त्याची नोकरी संपते. कोल इंडियाने २०१३पासून ठेक्याच्या मजुरांसाठी वेगळे वाढीव दर लागू केले. खाणीत या दरांना ‘एचपीसी’ म्हणतात. कागदावर एचपीसी आणि हातात किती, हा प्रश्न कोणत्याही नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारून पाहावा.

जमीन घेतली जाते ती बहुधा १९५७च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने. या कायद्यात संपादन झाले की जमीन थेट केंद्र सरकारची आणि मग कंपनीची होते. २०१५पासून मोबदला आणि पुनर्वसन मात्र २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याप्रमाणे द्यावे लागते, हा मोठा लाभ. नोकरीचा हिशेब मात्र कोल इंडियाच्या धोरणाचा: दोन एकराला एक नोकरी. हा साधा वाटणारा आकडा गावाची घडी कशी विस्कटतो ते पाहण्यासारखे आहे. आठ एकरवाल्याच्या घरी चार नोकऱ्या येऊ शकतात. दीड एकरवाल्याला शेजाऱ्याशी जुळवून घ्यावे लागते: नोकरी एकाला, पैसे दुसऱ्याला, आणि त्या व्यवहाराचे भांडण दोन पिढ्या. भावाभावांचे सातबारे घाईघाईने फुटतात. वर्षानुवर्षे सासरी असलेल्या बहिणीची सही अचानक मोलाची होते. आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय? मक्त्याने शेती करणारा, सालदार, निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, सुतार, लोहार, आठवडी बाजारात बसणारी माळीण. गावाचा अर्धा संसार या माणसांचा असतो. शेत गेले की त्यांचे काम गेले, आणि सातबारा नसल्यामुळे त्यांची गणती नोकरीच्या यादीत होतच नाही. खाणीच्या नुकसानीचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्या माथी येतो आणि सर्वांत लहान मोबदला त्यांना मिळतो. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

ज्यांची जमीन वाचते तेही सुटत नाहीत. कामठीचा वालुकाश्म सच्छिद्र असतो, त्यात पाणी मुरते, आजूबाजूच्या विहिरी त्यावर जगतात. खदान त्याच्याही खाली जाते आणि रात्रंदिवस पंपाने पाणी उपसते. विहिरींची पातळी उतरते. सुरुंगांनी भिंतींना तडे जातात. आणि कापूस? बोंडे फुटतात ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, नेमकी पाऊस थांबून रस्ते धुरळू लागतात तेव्हा. कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्यालगतच्या वावरात जाऊन एक फुटलेले बोंड हातात घ्या. वरच्या पाकळीवर राखाडी पूड असते. बोटाने झटकायला गेलो तर ती तंतूंत आणखी पसरते आणि बोटही काळे होते. वेचणारणीच्या ओटीत तो कापूस पांढऱ्यात मिसळतो आणि व्यापारी गाडीच्या तोंडाशीच भाव पाडतो. ज्या हिंगणघाटी कापसाच्या गावावरून पहिली कोळशाची गाडी गेली, त्याच मुलखात आज कोळसा कापसाचा भाव खातो आहे.

छाती आणि जमीन

कोळशाची जाड धूळ नाकात आणि घशात अडकते, थुंकी काळी येते. ती दिसते म्हणून लोक तिला घाबरतात. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा: पाच मायक्रॉनहून बारीक. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. शरीरातल्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात, पचवू शकत नाहीत, मरतात, आणि त्या जागी व्रण धरतो. असे हजारो व्रण झाले की फुप्फुस ताठ होते; याला न्यूमोकोनिओसिस म्हणतात. दगड फोडणाऱ्यांच्या, म्हणजे सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांच्या आणि ओबीवर काम करणाऱ्यांच्या धुळीत सिलिका असते. ती कोळशाहून वाईट; तिच्यामुळे होतो तो सिलिकोसिस. हा आजार बरा करणारे औषध नाही आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

त्यातली गोम अशी की सिलिकोसिसचा एक्सरे क्षयासारखा दिसतो, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही जास्त असते. त्यामुळे खोकणारा, वाळत चाललेला माणूस क्षयाच्या गोळ्या खात राहतो आणि ‘काय काम करत होता?’ हा प्रश्न मागे पडतो. कायद्यात न्यूमोकोनिओसिस आणि सिलिकोसिस हे नोंदवण्याचे आजार आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरला असा संशय आला तर खाण सुरक्षा खात्याला कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे, मग तो डॉक्टर खाणीच्या दवाखान्यातला असो की सेवाग्रामचा. कायम कामगाराची ठरावीक वर्षांनी तपासणी होते. ठेक्याचा मजूर एका खाणीतून दुसरीत जात राहतो, त्याची तब्येत एका कागदावर कधी जमाच होत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: चंद्रपूर-वणीकडून आलेल्या प्रत्येक दमेकऱ्याला त्याच्या कामाचा इतिहास विचारा, आणि तो केसपेपरवर लिहा. त्या एका ओळीवर त्याच्या विधवेची नुकसानभरपाई अवलंबून असू शकते.

जमिनीचे दुखणेही असेच उशिरा वर येते. ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरातली माणसे बाहेर पळाली म्हणून जीव वाचला. खाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून हलावे लागले. मघाशी सांगितलेले पिलर काळाबरोबर झिजतात; पाण्याने, वरच्या भाराने त्यांचे कोपरे ढासळतात आणि एक दिवस छत बसते. पोकळी वाळूने भरली तर हे टळते. पण वाळू भरायला खर्च येतो, आणि खर्च करायची वेळ येते तेव्हा तिथला कोळसा विकून झालेला असतो.

हवा, पाणी आणि जमीन मिळून केलेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या मोजणीत चंद्रपूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे ठरले होते. तिथल्या २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राची राख आणि खाणींची धूळ यांचा त्यात मोठा हात. ती वीज मुंबई-पुण्यात जळते.

मगनवाडीतला अर्थशास्त्रज्ञ

जे. सी. कुमारप्पा हे गांधीजींच्या बोलावण्यावरून वर्ध्याला आले. डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम मगनवाडीतून त्यांनी चालवले. ‘छोडो भारत’नंतरच्या तुरुंगवासात त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले, ते १९४५ साली प्रसिद्ध झाले. त्यात संपत्तीचे दोन प्रकार त्यांनी वेगळे काढले. एक, निसर्गाने साठवून ठेवलेली, काढाल तेवढी कमी होणारी: कोळसा, खनिज तेल, धातू. दुसरी, नीट वापरली तर दर वर्षी नव्याने येणारी: जंगल, शेत, वाहते पाणी. पेवातले धान्य आणि शिवारातले पीक यांत जो फरक, तोच हा. पेव उपसून खाणाऱ्या घरात काही वर्षे चंगळ असते. त्या काळात त्याने शिवार विकले तर मात्र ते घर संपले.

आपण नेमके तेच केले. वर्धा खोऱ्यातली काळी माती ही येणाऱ्या प्रत्येक पिढीला पीक देणारी होती. ती देऊन आपण तीस-चाळीस वर्षांचा कोळसा घेतला. कोळसा काढूच नये असे मी म्हणत नाही. या लेखासाठी जळणारा दिवाही बहुधा त्याचाच. पण साठा खर्च करताना त्यातून पुढे टिकणारे काय उभे केले, हा कुमारप्पांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. आणि मुदत जवळ येते आहे. जुन्या भूमिगत खाणी एकामागून एक बंद होत आहेत, देशाने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. खाण एका आदेशाने थांबू शकते हेही या मुलखाने पाहिले आहे: सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४मध्ये दोनशेहून अधिक कोळसा पट्टे रद्द केले, त्यात भद्रावती तालुक्यातली बरांज खाण बंद पडली. जमिनी आधीच गेलेल्या, आणि आता खाणीतला पगारही गेला. ती पुन्हा सुरू व्हायला वर्षे लागली.

कायद्याने काही हत्यारे दिली आहेत, ती वापरली पाहिजेत. २००९पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. खुल्या खदानीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये, त्या वर्षीच्या दराने, एस्क्रो खात्यात टप्प्याटप्प्याने ठेवायचे; कोळसा नियंत्रकाच्या संमतीशिवाय ते काढता येत नाहीत. वरची काळी माती वेगळी साठवायची, खड्डा भरून ती पुन्हा पसरायची, झाडे लावायची, हे सारे त्या आराखड्यात असते. खाण-खनिज कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणींच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के इतकी रक्कम त्यात जमा होते आणि ती खाणबाधितांसाठीच खर्चायची आहे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हा पैसा थोडाथोडका नाही. त्यातून रस्ते आणि इमारती सहज होतात. सालदाराच्या पोरीला परिचारिकेचे शिक्षण, ठेक्याच्या ड्रायव्हरची दर वर्षी छातीची तपासणी, भरलेल्या खड्ड्यावर मातीची परीक्षा करून पुन्हा पीक घेण्याचा प्रयोग, हे मागितल्याशिवाय होत नाही.

म्हणून खाणीच्या पट्ट्यातल्या आणि त्या मालगाड्यांच्या वाटेवरच्या वाचकांना सांगणे आहे. नव्या खाणीची किंवा विस्ताराची जनसुनावणी लागली की तीस दिवस आधी सूचना निघते आणि पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मिळायला हवा असतो. तो मागून घ्या, ग्रामसभेत मोठ्याने वाचा. मोबदल्याचा आणि नोकऱ्यांचा आकडा विचारालच, पण त्याच सभेत आणखी तीन प्रश्न लेखी द्या: खाण बंद करण्याच्या आराखड्याची प्रत कुठे आहे, एस्क्रो खात्यात आजवर किती रक्कम जमा झाली, आणि भूमिहीनांची यादी कोणी केली. उत्तरे लेखी घ्या, आणि ती येईपर्यंत हरकत मागे घेऊ नका.